शंभर पानांचं पिठलं

घाटकोपर,
१२ जानेवारी १९८६

ती. बाबांना,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र पोचलं. आईने आधी मनात वाचलं, मग मोठ्याने वाचलं, मग मी वाचलं आणि मग शकुने नुसतं हातात धरलं. तिला अजून जोडाक्षरं येत नाहीत, तरी 'सुट्टी' तिने बरोबर ओळखली. तेव्हापासून ती गल्लीत सगळ्यांना सांगत सुटली आहे की आमचे बाबा मस्कतहून बुद्धपौर्णिमेला येणार. तुम्ही गेलात तेव्हा ती चार वर्षांची होती. तुमचा चेहरा आठवतो म्हणते, पण मला वाटतं तिला फोटो आठवतो.

मी एक ठरवलं आहे. पौर्णिमेच्या दिवशी घरचा स्वयंपाक मी आणि शकु करणार. आई नाही. आई सगळं वर्ष मुलुंडच्या कंपनीत गोळ्यांच्या बाटल्या खोक्यांत भरते आणि घरी येऊन भाकऱ्या थापते. त्या दिवशी तुम्ही दोघांनी भिंतीला टेकून बसायचं आणि आम्ही वाढू ते जेवायचं. आईला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, "आधी कांदा चिरताना रडायचं थांबव." पंपाच्या स्टोव्हला हात लावायचा नाही, वातीचा चालेल, असंही म्हणाली. म्हणजे परवानगी मिळाली.

आता तुम्ही सांगा, काय करू? सोपं पाहिजे. माझी भाकरी तव्यापर्यंत पोचायच्या आत तुटते, म्हणून भाकरी रुक्मिणीकाकूंकडून घेणार, बाकी सगळं आम्ही. आईला विचारलं, बाबांना काय आवडतं, तर म्हणते, "समोर येईल ते. तुझ्या बाबांना चहाचं पाणी उकळलंय का तेसुद्धा कळायचं नाही, मला हाक मारायचे." तुम्हाला करता येत नाही हे मला माहीत आहे, पण खाता तर येतं ना? नुसती नावं कळवा. कसं करायचं ते मी अंबादासमामांना विचारीन. वस्तीतल्या लग्नांचा आणि जयंतीचा स्वयंपाक तेच करतात, त्यांना सगळं येतं.

लवकर लिहा. मला सराव करायचा आहे.

तुमची,
रत्ना

---

मस्कत,
२९ जानेवारी १९८६

चि. रत्नास,
जय भीम. शकुला पापा.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सातवीत गेलीस आणि हुकूम सोडायला लागलीस, आईवर गेलीस. आम्ही दोघं भिंतीला टेकून बसणार म्हणजे तू तिला बसवणार! तिला बसलेली मी लग्नाच्या फोटोतच पाहिली आहे.

मला काय आवडतं विचारलंस. पिठलं, भात आणि तांदळाची खीर. पौर्णिमेला खीर पाहिजेच आणि या तिन्ही गोष्टी पोरींना जमण्यासारख्या आहेत. अंबादासला त्रास देऊ नकोस, मीच सांगतो.

पिठल्याला बेसन दोन वाट्या घे. ते आधी पाण्यात कालवून ठेव, गाठी बोटांनी मोड, गरम तेलात गेल्यावर मोडायला जाशील तर मोडणार नाहीत. कांदा बारीक चिर. सुरीला धार आहे का बघ, हात कापतो तो बोथट सुरीने. लसूण चेचून घे. तेल चांगलं तापू दे, मोहरी मूठभर टाक आणि झाकण हाताशी ठेव. तडतडली की मिरच्या, लसूण, कांदा आणि कांदा नरम पडला की हळद. हळद आधी टाकलीस तर करपते आणि मग सगळं कडू. मीठ दोन मुठी. बेसन ओतलं की हात थांबवायचा नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तळाला एकदा लागलं की वरून कोथिंबीर टाकून काही उपयोग नाही, माणसं वासावरूनच ताट सरकवतात.

भाताचं सोपं. तांदूळ धुऊन पातेल्यात सपाट कर, वर बोटाचं एक पेर बुडेल एवढं पाणी.

खिरीचं नीट ऐक. दूध ओतण्याआधी पातेल्यात थोडं पाणी फिरव, म्हणजे दूध तळाला धरत नाही. तांदूळ तासभर भिजवून भरड वाट. साखर शेवटी. गूळ घालायचा असेल तर पातेलं खाली उतरवून दूध निवल्यावर, नाहीतर फाटेल आणि तू रडत बसशील.

तुला वाटेल, बाबांना हे कुठून कळलं? इथल्या मेसमध्ये जेवणाच्या रांगेत उभं राहावं लागतं. उभं राहून राहून माणूस बघतो आणि शिकतो, दुसरं काय करणार.

आईला सांग, तब्येत सांभाळ.

तुझे,
बाबा

---

घाटकोपर,
२० फेब्रुवारी १९८६

ती. बाबांना,
सप्रेम जय भीम.

बाबा, वाट लागली.

रविवारी आई ओव्हरटाइमला गेली तेव्हा आम्ही पिठलं केलं. सगळं तुमच्या पत्रात बघून. तेल तापलं, मूठभर मोहरी टाकली आणि दिवाळी झाली! झाकण ठेवायच्या आत मोहरी दिव्यावर, कॅलेंडरवर, माझ्या केसांत. शकु कॉटखाली शिरली. रुक्मिणीकाकू केरसुणी घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं आमच्याकडे काहीतरी फुटलं.

तरी मी हात थांबवला नाही. तुम्ही लिहिलं होतं ना, हात थांबवायचा नाही. मग मीठ. दोन मुठी वाचून मी जराशी अडखळले होते. शकु म्हणाली, "बाबांनी लिहिलंय, मग बरोबरच असणार." तुमची मूठ मोठी, म्हणून माझ्या दोन घातल्या आणि वर शकुची एक.

संध्याकाळी आईने पहिला घास घेतला आणि तांब्या उचलला. पाणी पिऊन झाल्यावर इतकी हसली, इतकी हसली, की मलाच रडू आलं. ते पिठलं रुक्मिणीकाकूंच्या कोंबड्यांनीसुद्धा खाल्लं नाही.

पण मी सोडणार नाही. दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र घेऊन अंबादासमामांकडे गेले. ते वाचताना आधी हसत होते, मग हसायचे थांबले. म्हणाले, "रत्ना, कृती एकदम झकास आहे. फक्त माप शंभर पानांचं आहे." शंभर पानं म्हणजे शंभर माणसं जेवायला बसतात ती. बेसन तेवढं घरचं लिहिलंय, बाकी मोहरी आणि मीठ लग्नाचं, असं म्हणाले. मी म्हटलं, बाबांनी रांगेत उभं राहून बघितलंय. तर म्हणाले, "रांगेतल्या माणसाला मूठ दिसत नाही पोरी, ताट दिसतं. हे हाताच्या सवयीने लिहिलंय." कुणाच्या हाताच्या, ते काही सांगेनात. बाबांनाच विचार म्हणाले.

म्हणून विचारते. बाबा, तुम्हाला शंभर पानांचं माप कसं माहीत? शकु म्हणते तुम्ही तिकडे हॉटेल काढलंय आणि आम्हाला चकित करणार आहात.

आणखी एक झकास बातमी. चंद्रप्रकाश सरांनी विहाराच्या फळ्यावर लिहिलंय की पौर्णिमेच्या कार्यक्रमात 'परदेशी कंपनीतील फिटर शिवदास कांबळे यांचे मुलांना मार्गदर्शन'. तुमचं नाव रंगीत खडूने काढलं आहे. आयटीआयला जाणारी सगळी मुलं येणार आहेत.

तुमची,
रत्ना

---

मस्कत,
८ मार्च १९८६

चि. रत्नास,
जय भीम.

मोहरीची चूक माझी. घाईत लिहिलं गेलं. मोहरी चिमूटभर, मीठ चवीपुरतं.

साहेबांनी सुट्टी नामंजूर केली आहे. कामाचा जोर आहे. यंदा येणं होत नाही. चंद्रप्रकाश सरांना तसं कळव आणि फळ्यावरचं नाव पुसायला सांग. आईला सावकाश लिहीन.

अभ्यास कर. शकुला सांभाळ.

बाबा

---

घाटकोपर,
२४ मार्च १९८६

ती. बाबांना,
जय भीम.

तुमचं एवढंसं पत्र आलं. आईने वाचलं. भाकऱ्या थापायला बसली. आमच्यापुरत्या झाल्या तरी थापत राहिली. शेवटी पीठ संपलं तेव्हा उठली.

शकुला मी अजून सांगितलेलं नाही. फळ्यावरचं नावही मी पुसायला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही.

बाबा, तुम्ही विक्रोळीच्या कारखान्यात होता तेव्हा घरातल्या प्रत्येक पेपरावर तुमचा काळा अंगठा उठायचा. आई ओरडायची. माझ्या तिसरीच्या प्रगतिपुस्तकावर तुमच्या सहीशेजारी तो अजून आहे. तुमच्या या पत्राच्या कोपऱ्यातही अंगठा आहे, पण तो पिवळा आहे. मी वास घेतला. हळद आहे.

तुम्ही तिकडे फिटर नाही, आचारी आहात. हो ना?

मला तुमचा राग आला आहे. आचारी आहात म्हणून नाही. साहेबांनी सुट्टी नामंजूर केली असं लिहिलंत म्हणून. साहेबांनी केली असती तर तुम्ही त्यांना दोन शिव्या दिल्या असत्या आणि मला चार पानं लिहिली असती. तुमची सुट्टी तुम्हीच नामंजूर केली आहे.

अंबादासमामा खीर करतात तेव्हा विहाराची रांग रस्त्यापर्यंत जाते. त्यांना कुणी म्हणत नाही की मान खाली घाला. मग तुम्हाला कोण म्हणालं?

ते जाऊ दे. मी काय करणार ते सांगते. पिठलं दर रविवारी करणार, जमेपर्यंत. खीर पण. पौर्णिमेच्या दिवशी चार ताटं वाढणार. तुम्ही आला नाहीत तरी चौथं ताट वाढणार आणि ते कुणाला देणार नाही. शकु विचारेल हे कुणाचं, अजून कसं आलं नाही. तिला काय सांगायचं ते तुम्हीच लिहून पाठवा, मला खोटं सुचत नाही.

हे मी आईला बोललेली नाही.

रत्ना

---

मस्कत,
९ एप्रिल १९८६

चि. रत्ना,
जय भीम.

शकुला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. बसून बसून कागद फाडले. शेवटी म्हटलं, जे आहे ते लिहावं. तू आता लहान नाहीस. माझ्या अंगठ्याचा वास घेणारी पोरगी लहान कशी असेल.

मी फिटर म्हणूनच आलो होतो. सहा महिन्यांत प्रकल्प बंद पडला. परत जा नाहीतर मिळेल ते काम घ्या, असं झालं. त्याच वेळी कॅम्पच्या मेसचा आचारी, थॉमस नावाचा केरळचा म्हातारा, आजारी पडला. त्याच्या हाताखाली कोण राहतो विचारलं तेव्हा मी हात वर केला. घरी काय तोंड घेऊन परत जाणार होतो? पहिल्या दिवशी मी भात असा केला की तो कापून वाढायला लागला. थॉमसने मला शिव्या देत देत शिकवलं. तो गेला गावाला आणि मी झालो आचारी. आता एकशे ऐंशी माणसांचं दोन वेळचं जेवण माझ्याकडे आहे. माझ्याबरोबर वस्तीतून आलेला दत्तारामसुद्धा पाना सोडून माझ्याच मेसमध्ये वाढायला आहे, घरी कुणाला सांगू नकोस म्हणून त्याला मी शपथ घातली होती.

कोण म्हणालं मान खाली घाला, असं तू विचारलंस. मीच म्हणालो होतो. मी निघालो तेव्हा विहारात माझा सत्कार झाला, तुला आठवत असेल, तू माझा हार घालून घरी आली होतीस. तेव्हा मी पोरांना सांगितलं होतं, हातात पाना धरा, पुन्हा कुणाचं उष्टं उचलायची वेळ येणार नाही. ते काही टाळ्यांसाठी नव्हतं. माझी आई द्रौपदी आणि आपल्या वस्तीतली सुंदराबाई, दोघी एका गावच्या. गावात लग्न असलं की मांडवाबाहेर लांब बसायच्या. पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी उचलायच्या आणि त्यात जे राहिलेलं असायचं ते आम्हा पोरांसाठी पदरात बांधून आणायच्या. ते खाऊन मी वाढलो. म्हणून आयटीआय केलं. आणि आता रोज एकशे ऐंशी ताटांमधलं उरलेलं मीच पिंपात लोटतो. त्याच पोरांपुढे उभा राहून काय मार्गदर्शन करू? खोटं बोलवत नाही आणि खरं तोंडातून निघत नाही.

आणखी एक सांगतो, हे कुणालाच सांगितलेलं नाही. सकाळपासून फोडण्यांचा धूर पोटात जातो, मग जेवणावरची इच्छाच उडते. एकशे ऐंशीचं माप घेतो, त्यात मी नसतो. सगळे उठले की मागच्या दाराशी चहात खुबूस बुडवून खातो. खुबूस म्हणजे इथली जाड रोटी. तू लिहिलंस, भिंतीला टेकून बसा, आम्ही वाढू. ते वाचलं त्या दिवशी मला खरोखर भूक लागली होती. पण रत्ना, मला जमणार नाही असं वाटतं.

चौथं ताट वाढू नकोस.

बाबा

---

घाटकोपर,
२५ एप्रिल १९८६

ती. बाबांना,
सप्रेम जय भीम.

मी चौथं ताट वाढणार.

तुमचं पत्र मी आईपासून लपवलं नाही. या घरात लपवालपवीचा मला कंटाळा आला आहे. तिच्या हातात दिलं आणि दारात जाऊन उभी राहिले. तिने वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मला माहीत होतं." बघा! मी इतकी डोकेफोड केली आणि हिला आधीच माहीत. खाली ती स्वतः लिहिणार आहे.

पिठल्याची प्रगती सांगते. दुसऱ्या रविवारी गाठी झाल्या. तिसऱ्या रविवारी तळाला लागलं, कारण शकुने हाक मारली आणि मी ओ दिली. चौथ्या रविवारी पातळ झालं, ते आम्ही आमटी म्हणून खाल्लं. जयंतीच्या दिवशी मी दिवसभर अंबादासमामांच्या मोठ्या पातेल्याशेजारी उभी होते. ते म्हणाले, "तुझ्या बापाची कृतीच चांगली आहे, तीच धर, फक्त मूठ विसर." परवाच्या रविवारी जमलं. आईने दोनदा घेतलं आणि तांब्याला हात लावला नाही.

तुमच्या भाषणाचं तुम्ही बघा. फिटर म्हणा, आचारी म्हणा, नाहीतर विहारात जाऊच नका. पण घरी या. आमच्या घरात फळा नाही.

आता नियम. स्वयंपाकाच्या बाजूला पाय ठेवायचा नाही. मीठ कमी वाटलं तर उठायचं नाही, मागायचं. ताट उचलायचं नाही, तुमचंसुद्धा नाही. आम्ही उचलू आणि आम्हाला त्याची लाज वाटणार नाही, कारण ते तुमचं ताट आहे.

रत्ना

अहो, जय भीम.
दत्तारामभाऊ पहिल्या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्याबरोबर तुम्ही जुने शर्ट पाठवले होते, पोरींचे फ्रॉक शिवायला. ते भिजवले आणि बादलीतून फोडणीचा वास आला. कारखान्यातल्या माणसाच्या शर्टाला कशाचा वास येतो ते मला धुऊन धुऊन पाठ आहे. तेव्हाच समजले. तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मी विचारलं नाही. म्हटलं माणसाचा मान राहू दे. दोघांनी मिळून त्या मानापायी तीन वर्षं घालवली. आता बस झालं. इकडे पोरगी चव बघून बघून जेवायची विसरली आणि तिकडे तुम्ही चहात रोटी बुडवताय. तिकीट काढा.
विमला

---

मस्कत,
९ मे १९८६

रत्ना,
येतो. मोहरी चिमूटभर.
बाबा

---

मस्कत,
११ जुलै १९८६

चि. रत्नास,
जय भीम. शकुला पापा, आणि तिला सांग की तिने दिलेली चिंच दत्तारामने पळवली.

सुखरूप पोचलो. सुट्टी कशी संपली कळलं नाही. निघताना तू मला पुन्हा विचारलंस, विहारात काय झालं, आणि मी पुन्हा "झालं भाषण" एवढंच म्हणालो. तू खीर ढवळायची म्हणून घरी थांबली होतीस, आईही तुझ्यापाशी होती, तेव्हा तुम्हा दोघींना कळायला पाहिजे. वस्तीतून कानावर आलंच असेल, पण मला तोंडाने सांगवत नव्हतं, म्हणून लिहितो.

चंद्रप्रकाश सरांनी मला फिटर म्हणूनच उभं केलं. समोर ती सगळी पोरं. मी घरून ठरवून गेलो होतो की दोन वाक्यं बोलायची आणि बसायचं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "मी फिटर म्हणून गेलो होतो. ते काम सुटलं. आता मी एकशे ऐंशी माणसांचा स्वयंपाक करतो. हे मी तीन वर्षं लपवलं." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

तेवढ्यात बायकांमधून सुंदराबाईने हाक मारली, "शिवदास, कोन कोन जेवतं रं तुझ्या हातचं?"

म्हटलं, "सगळेच, मावशी."

"सगळे म्हंजी?"

"मराठे आहेत, ब्राह्मण आहेत, मुसलमान, ख्रिश्चन, पंजाबी. कॅम्पमधले सगळेच."

"आन् पानी?"

"पाणी मीच भरून ठेवतो."

"पित्यात?"

"पितात."

"मागून घेत्यात का टाकून जात्यात?"

"मागून घेतात मावशी. पिठल्याच्या दिवशी तर भांडतात."

ती रुक्मिणीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली, पोरांकडे वळली आणि म्हणाली, "ऐका रं." मग मला म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. ती बहिरी नाही गं. तिला ऐकायचं होतं. तिसऱ्या वेळी मी सांगत होतो तेव्हा मला माझी आई दिसली, मांडवाबाहेर लांब बसलेली. तोपर्यंत हसणारा पोरगाही रडकुंडीला आला होता. मी उष्टं उचलतो एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. ते ताट भरतं कोण, हे मला त्या म्हातारीने दाखवलं.

नंतर अंबादासने मला विचारलं, पुढच्या जयंतीला पातेल्याशी उभा राहशील का? मी हो म्हणालो आहे. तुला विचारायचं राहिलं, तुझी हरकत नाही ना?

तिथून घरी आलो तर चार ताटं मांडलेली. तुझी आई खरंच भिंतीला टेकून बसली होती, पण मांडीवर हात असे धरून, जणू कुणीतरी बांधून घातले आहेत. पिठल्यात मीठ कमी होतं, रत्ना. तेव्हा बोललो नाही, आता सांगतो. सवयीने उठायला गेलो, तर शकु दारात पाय पसरून बसलेली. म्हणाली, "मागायचं." मग मी मीठ मागितलं. तू चिमूटभर घातलंस, तुझ्या बोटाला चटका बसलेला होता तो मला दिसला. तुझ्या आईनेही मग डोळे पुसत आणखी भात मागितला. इतक्या वर्षांत ती जेवताना काही मागते आहे असं मी पहिल्यांदा ऐकलं. खीर किंचित धरली होती, पातेल्यात पाणी फिरवायचं विसरलीस. मी तीनदा घेतली. आईने विचारलं, पुरे का, आणि मी नाही म्हणालो. मला भूक होती, अजून होती, त्याचंच मला नवल वाटत होतं.

आज शुक्रवार, कॅम्पला सुट्टी. बाकीचे झोपले आहेत, आचाऱ्याला कुठली सुट्टी. सकाळी तांदूळ काढले. एकशे ऐंशीचं माप भरलं आणि हात नेहमीसारखा थांबला. मग मी वरून एक मूठ घातली. दत्ताराम बघत होता. म्हणाला, "का रे, कुणी नवीन माणूस आलाय का?"

म्हटलं, "हो. आजपासून आचारी पण जेवणार आहे."

तुझे,
बाबा